कामाची रीत आणि खेळाची रीत

आपल्या गावांतली पुष्कळ मुलं-मुली आज शहरात कचेरीत नोकरीला आहेत. कोणाचा मुलगा पुण्याजवळ हिंजवडीला असतो. कोणाची लेक बंगलोरला असते. पारावर कोणी विचारले, "काय हो, तुमचा मुलगा काय काम करतो?" तर बाप सांगतो, "कॉम्प्युटरवर असतो." याच्या पुढे बापाला सांगता येत नाही. मुलगा सुटीला घरी आला तरी ओसरीवर कॉम्प्युटर उघडून बसतो. कानाला यंत्र लावून कोणाशी तरी बोलतो. त्याच्या बोलण्यात 'स्क्रम', 'स्प्रिंट', 'बोर्ड' असे शब्द येतात. आई म्हणते, "उन्हातान्हात जायचं नाही, ओझं उचलायचं नाही. नुसतं खुर्चीत बसायचं. मग पोरगं एवढं दमतं कशानं?"

आईचा प्रश्न रास्त आहे आणि मुलाचे दमणेही खरे आहे. आज आम्ही दोन गोष्टी सांगणार आहोत. एक, ही मुलं काम कोणत्या रीतीने करतात. दोन, बसून काम करणाऱ्या माणसाने खेळ का खेळावा आणि तो सुरू कसा करावा. या दोन गोष्टी वेगळ्या वाटतील. पण पुढे वाचत गेलात म्हणजे त्यांचे नाते ध्यानात येईल.

सॉफ्टवेअर म्हणजे काय?

आपल्या हातातला मोबाइल म्हणजे काच, धातू आणि प्लास्टिक. त्याला स्वतःची अक्कल नाही. कुठे बोट लावले म्हणजे काय करायचे, हे त्याला कोणीतरी लिहून द्यावे लागते. अशा लिहून दिलेल्या सूचनांना सॉफ्टवेअर म्हणतात. आज सातबाराचा उतारा मोबाइलवर दिसतो. एसटीचा कंडक्टर छोट्या यंत्रातून तिकीट काढून देतो. बँकेत पैसे जमा झाले की निरोप येतो. अशा कामामागे हजारो ओळींच्या सूचना असतात. त्यातली एखादी ओळ चुकली, तर एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर जायचे.

एवढे लिहिणे एकट्याचे काम नव्हे. पाच-दहा जण, कधी शे-दोनशे जण मिळून ते करतात. कोणी लिहितो, कोणी तपासतो, कोणी गिऱ्हाइकाला काय हवे ते विचारून येतो. आपल्याकडे पाचशे पानांचे लग्न काढायचे, तर आचारी कोण, वाढपी कोण, किराणा कधी आणायचा, हे आधी ठरवावे लागते. तसेच हे. काम कोणत्या क्रमाने करायचे आणि कोणी कोणाला केव्हा भेटायचे, याची जी बांधून दिलेली रीत, तिला इंग्रजीत 'फ्रेमवर्क' म्हणतात. फ्रेमवर्क म्हणजे चौकट. ही मंडळी तयार सूचनांच्या संचालाही फ्रेमवर्क म्हणतात, पण तो विषय निराळा. आपण कामाच्या रीतीपुरते बोलू. तशा रीती पुष्कळ आहेत. त्यातल्या तीन पाहू.

पहिली रीत: धबधबा

घर बांधताना आपण काय करतो? आधी नकाशा काढतो. मग पाया खणतो, जोते बांधतो, भिंती उभ्या करतो आणि शेवटी छप्पर घालतो. एक काम पुरे झाल्यावाचून दुसऱ्याला हात लागत नाही. सॉफ्टवेअरही पुष्कळ वर्षे असेच करत. आधी गिऱ्हाइकाच्या सगळ्या मागण्या लिहून घ्यायच्या. मग आराखडा काढायचा. मग सूचना लिहायच्या. मग तपासायच्या. आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे.

या रीतीला 'वॉटरफॉल' म्हणजे धबधबा असे नाव पडले. धबधब्याचे पाणी एका पायरीवरून खालच्या पायरीवर पडते, पण परत वर चढत नाही. १९७० साली अमेरिकेत विन्स्टन रॉइस या जाणकाराने या पायऱ्यांचे चित्र एका लेखात काढले होते. गंमत अशी की, नुसते असे सरळ खाली जाणे धोक्याचे आहे, हेही त्याने त्याच लेखात सांगितले होते. लोकांनी चित्र घेतले आणि इशारा सोडून दिला.

धोका कोणता? गिऱ्हाइकाला वस्तू शेवटी दिसते. दोन-तीन वर्षे काम चालते आणि मग गिऱ्हाईक म्हणते, "अहो, मला हे असं नको होतं." तोवर पैसाही गेलेला असतो आणि वेळही गेलेला असतो.

दुसरी रीत: स्क्रम

आता खेळाची गोष्ट आली. रग्बी नावाचा एक इंग्रजी खेळ आहे. त्यातला चेंडू नारळासारखा लांबट असतो. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गडी असतात. खेळ थांबून पुन्हा सुरू करायचा असतो तेव्हा दोन्हींकडचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा भिडवून, वाकून, एकमेकांना रेटतात. या रेटारेटीला 'स्क्रम' म्हणतात. आपल्या कबड्डीत गडी हाताला हात धरून साखळी करतात ना? तसेच समजा. एकाने हात सोडला की साखळी तुटते.

हा शब्द कचेरीत कसा आला? जपानात ताकेउची आणि नोनाका असे दोन प्राध्यापक होते. त्यांनी काही कारखान्यांची पाहणी केली आणि १९८६ साली एक लेख लिहिला. त्यांनी म्हटले, जुनी रीत रिले शर्यतीसारखी आहे. रिलेत पहिला गडी आपला टप्पा धावतो, दांडू दुसऱ्याच्या हाती देतो आणि थांबतो. पुढे काय झाले ते त्याला ठाऊक नसते. नवी रीत रग्बीसारखी हवी. सगळा संघ एकदम पुढे सरकतो आणि चेंडू एकमेकांत फिरता राहतो. पुढे अमेरिकेतल्या जेफ सदरलँड आणि केन श्वेबर या दोघांनी हा विचार सॉफ्टवेअरला लावला आणि १९९५ साली आपली रीत जाहीर सभेत मांडली. तिचे नाव त्यांनी 'स्क्रम' ठेवले.

स्क्रमची रीत अशी. सगळे काम एकदम अंगावर घ्यायचे नाही. एक आठवडा, दोन आठवडे, फार तर एक महिना, एवढीच फेरी ठरवायची. या फेरीला 'स्प्रिंट' म्हणतात. स्प्रिंट म्हणजे छोट्या अंतराची वेगाची धाव. तेवढ्या फेरीत जमेल तेवढेच काम निवडायचे. रोज सगळ्यांनी पंधरा मिनिटे एकत्र यायचे. काम कुठवर आले, आज काय करायचे आणि कुठे अडले, ते सांगायचे. बहुतेक ठिकाणी हे उभ्याउभ्याच चालते, म्हणजे कोणी पाल्हाळ लावत नाही. फेरी संपली की झालेले काम गिऱ्हाइकाला दाखवायचे. मग आपसात बसून विचारायचे, "या खेपेला काय बरे झाले? काय बिघडले? पुढच्या खेपेला काय बदलू?"

आपल्या गावचा शिंपीही असेच करतो. तो सदरा एकदम पक्का शिवत नाही. आधी धावदोरा घालतो आणि अंगावर चढवून बघतो. बाही लांब वाटली तर तेव्हाच उसवतो. धावदोरा उसवायला वेळ लागत नाही. पक्की शिवण उसवायची म्हणजे कापड फाटायची भीती.

२००१ साली अमेरिकेतल्या युटा प्रांतात बर्फावरून घसरण्याच्या खेळाचे एक ठिकाण आहे, तिथे अशा विचाराचे सतरा जण जमले. त्यांनी छोट्या फेऱ्यांच्या या सगळ्या रीतींना मिळून एक नाव दिले, 'अजाइल'. अजाइल म्हणजे चपळ.

तिसरी रीत: कानबान

कानबान हा जपानी शब्द आहे. त्याचा अर्थ फलक किंवा पाटी. जपानात टोयोटा नावाचा मोटारींचा कारखाना आहे. तिथे ताइइची ओनो या गृहस्थांनी पाट्यांची एक रीत बसवली. पुढच्या कामगाराला सुटा भाग लागला की त्याची चिठ्ठी मागे यायची. चिठ्ठी आली तरच मागच्याने तो भाग करायचा. उगाच माल करून ढीग लावायचा नाही. पुढे ही रीत सॉफ्टवेअरवाल्यांनी उचलली.

ते भिंतीवर एक फलक लावतात. त्यावर तीन रकाने असतात: 'करायचे आहे', 'चालू आहे', 'झाले'. एका कामाची एक चिठ्ठी. काम पुढे गेले की चिठ्ठी पुढच्या रकान्यात जाते. यातला मुख्य नियम मधल्या रकान्याचा आहे. तिथे ठरवलेल्या संख्येपेक्षा जास्त चिठ्ठ्या लावायच्या नाहीत. तीन म्हणजे तीन. एक काम संपले तरच दुसरे हाती घ्यायचे.

शेतकऱ्याला हे सांगायला नको. दारे धरताना आपण सगळे वाफे एकदम फोडतो का? तसे केले तर पाणी पसरते आणि एकही वाफा भरत नाही. एक वाफा भरला, त्याचे तोंड बांधले, मग दुसरा फोडला, असे केले की तेवढ्याच पाण्यात सगळे रान भिजते. माणसाचे लक्षही पाण्याच्या धारेसारखेच आहे.

एकच काम, दोन रीती

या रीतींचा फरक एका खऱ्या गोष्टीवरून समजेल. अमेरिकेत एफबीआय नावाची मोठी तपास संस्था आहे. आपल्याकडच्या सीबीआयसारखी समजा. तिचे तपासाचे काम कागदी फायलींवर चालत असे. ते कॉम्प्युटरवर आणायचे ठरले. २००१ साली काम सुरू झाले. मागण्यांचे बाड आठशे पानांच्या वर गेले. काम चालू असताना मागण्या बदलत राहिल्या. शेवटी २००५ साली ते सॉफ्टवेअर टाकून द्यावे लागले. १७ कोटी डॉलर खर्च झाले होते. या अपयशाला कारणे पुष्कळ होती. पण हाती काय पडते आहे, हे वेळेवर तपासून पाहिले गेले नाही, हे त्यातले एक मोठे कारण.

२००६ साली नवे काम निघाले. त्याचे नाव 'सेंटिनल'. ते चार टप्प्यांत व्हायचे होते. खर्चाची मर्यादा पुढे ४५ कोटी १० लाख डॉलर झाली. २०१०च्या ऑगस्टपर्यंत त्यातले सुमारे ४० कोटी ५० लाख डॉलर खर्च झाले, आणि चारांपैकी दोनच टप्पे हाती आले. तेव्हा संस्थेने काम स्वतःकडे घेतले. माणसे कमी केली. दोन-दोन आठवड्यांच्या फेऱ्या लावल्या. प्रत्येक फेरीनंतर झालेले काम तपासायचे, असे ठरवले. जुलै २०१२ मध्ये सगळ्या नोकरवर्गाला नवे सॉफ्टवेअर मिळाले आणि खर्चही ठरलेल्या रकमेच्या आत राहिला.

नव्या रीतीने जादू केली असे मात्र कोणी समजू नये. सप्टेंबर २०११ मध्ये काम पुरे होईल असे सांगितले होते, ते दहा महिने लांबलेच. पण या खेपेला उशीर होतो आहे हे दर फेरीला दिसत होते. दिसत होते म्हणून सावरता आले.

मग चांगली रीत कोणती?

हे कामावर अवलंबून आहे. धरण बांधताना अर्धी भिंत बांधून "बघू या, पाणी थांबतं का" असे करता येत नाही. तिथे आधी पक्का हिशेबच हवा. ज्या कामात मागणी ठरलेली आहे आणि मागाहून बदल महाग पडतो, तिथे धबधब्याची रीत ठीक. गिऱ्हाइकालाच नेमके काय हवे ते वस्तू बघितल्यावर कळणार असेल, तर स्क्रम बरी. आणि जिथे रोज नवी नवी दुरुस्तीची कामे येऊन पडतात, तिथे कानबान सोयीची.

आणखी एक गोष्ट. रीत पाळणे म्हणजे काम करणे नव्हे. तिफण ओळ सरळ ठेवते. पण बी किडके असेल तर तिफण काय करणार? काही कचेऱ्यांत पंधरा मिनिटांची सभा तासभर चालते आणि अडचण सांगणाऱ्यालाच बोल लावतात. मग माणसे अडचण लपवतात. तिथे नाव स्क्रमचे असले तरी आत जुनीच मुकादमगिरी चालू असते.

नाव खेळाचे, काम बैठे

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. स्क्रम हा मैदानावरचा शब्द. स्प्रिंट म्हणजे धाव. अजाइल म्हणजे चपळ. पण हे शब्द बोलणारा माणूस आठ-दहा तास खुर्चीत असतो. डोळे पडद्यावर, मान पुढे, पाठ वाकलेली. डोके सारखे चालते आणि पाय जागचे हलत नाहीत. म्हणून तो दमतो. दमतो, पण अंग मोडून काम केल्यावर जशी गाढ झोप लागते तशी झोप त्याला लागत नाही. दावणीला बांधून ठेवलेला बैल काम न करता आखडतो, हे आपण पाहतोच. माणसाचेही तसेच होते. पायाचे मोठे स्नायू चालले म्हणजे रक्तातली साखर वापरली जाते. ते निजून राहिले की साखर आणि चरबी साठत जाते.

हे आम्ही मनाने सांगत नाही. इंग्लंडात जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कामगारांची पाहणी केली. पाहणीत सुमारे ३१,००० पुरुष होते. ड्रायव्हर दिवसभर बसून असे. कंडक्टर तिकिटे द्यायला दिवसातून पाचशेच्या वर पायऱ्या चढे. बस तीच, शहर तेच, पण हृदयविकाराचे झटके ड्रायव्हरांना जास्त येत. पोस्टातही तेच दिसले. पायी किंवा सायकलवर टपाल वाटणाऱ्या पोस्टमनपेक्षा बसून काम करणाऱ्या कारकुनांना हा विकार अधिक. १९५३ साली हे छापून आले.

मग काहींनी शंका काढली की, ड्रायव्हर आधीपासूनच जाड असतील. मॉरिस यांनी ती शंकाही तपासली. त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी गणवेशाच्या पॅंटींची मापे पाहिली. नोकरीच्या सुरुवातीपासूनच ड्रायव्हरांची कंबर जास्त होती, हे खरे निघाले. तेव्हा त्यांनी दुसरी पाहणी धरली. सरकारी कचेऱ्यांत बसून काम करणारे सुमारे १८,००० मध्यमवयीन पुरुष घेतले. सगळ्यांचे काम बैठेच. त्यांपैकी जे फावल्या वेळात दमदार खेळ खेळत, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण इतरांच्या निम्म्याहूनही थोडे कमी आढळले. हे १९८० साली प्रसिद्ध झाले.

याच डॉक्टरांनी १९९० साली आणखी एक गोष्ट दाखवली. तरुणपणी खेळून पुढे खेळ सोडलेल्यांना त्या जुन्या खेळाचा फायदा दिसला नाही. "मी शाळेत कबड्डीचा कप्तान होतो," हे सांगून भागत नाही. या आठवड्यात खेळलास का, हे विचारायला हवे.

खेळ सुरू कसा करावा?

इथे बहुतेक लोक धबधब्याची रीत लावतात. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी भारी बूट आणतात. वर्षाचा बेत कागदावर लिहितात. रोज पाच किलोमीटर पळायचे ठरवतात. पहिल्या दिवशी जीव खाऊन पळतात. तिसऱ्या दिवशी गुडघा धरतो. दुसऱ्या आठवड्यात बूट माळ्यावर जातात. मग म्हणतात, "आपल्या अंगाला खेळ मानवत नाही." वास्तविक त्यांची सुरुवातच चुकलेली असते.

अमेरिकेत जॉश क्लार्क या तरुणाने १९९६ साली नव्याने पळणाऱ्यांसाठी एक क्रम बसवला. आपल्या आईलाही जमावा, असा त्याचा विचार होता. हा क्रम नऊ आठवड्यांचा आहे. आठवड्यातून तीनच दिवस पळायचे. पहिल्या आठवड्यात आधी पाच मिनिटे भरभर चालायचे. मग एक मिनिट हळू पळायचे आणि दीड मिनिट चालायचे. असे आलटून पालटून वीस मिनिटे. बस, एवढेच. दर आठवड्याला पळणे थोडे वाढते आणि चालणे कमी होते. नवव्या आठवड्यात माणूस सलग अर्धा तास पळतो. जगभर पुष्कळ बैठ्या माणसांनी हा क्रम धरला. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'कोचावरून पाच किलोमीटर' असा होतो.

यात स्क्रमच दिसते की नाही पाहा. आठवडा म्हणजे एक फेरी. फेरीत जमेल तेवढेच काम. फेरी संपली की स्वतःला विचारायचे, दम फार लागला का? पाय दुखला का? जमले असेल तर पुढच्या फेरीला जायचे. जमले नसेल तर तोच आठवडा पुन्हा करायचा. त्यात कमीपणा नाही. कानबानचाही धडा घ्यावा. पळणे, पोहणे, दंड-बैठका, सगळे एकाच महिन्यात सुरू करू नये. एक अंगवळणी पडले म्हणजे दुसरे घ्यावे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पळालेल्या दिवसाला खूण केली तरी तो आपला फलक झाला.

खेळ कोणता घ्यावा?

पळायला खर्च कमी आणि जोडीदार लागत नाही. पण अंग फार जड असेल तर आधी काही आठवडे नुसते भरभर चालावे. बॅडमिंटनला जागा आणि जोडीदार लागतो, पण त्यात मन रमते आणि जोडीदार वाट पाहतो म्हणून चुकवता येत नाही. इंग्रज अमदानीत हा खेळ पुण्याला इतका खेळला जाई की त्याला 'पूना' असेही नाव पडले होते. त्यात एकदम वळावे, उडी मारावी लागते. म्हणून आधी अंग गरम करावे, नाहीतर पाय मुरगळतो. रविवारी एकदाच क्रिकेट खेळायचे आणि सहा दिवस बसायचे, ही रीत पुरेशी नाही. कबड्डी, खो-खो उत्तम, पण चाळिशीनंतर सवय नसताना एकदम उतरू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की, मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. भरभर चालणे हा मध्यम श्रम. रोज अर्धा तास, असे पाच दिवस केले की १५० मिनिटे भरतात. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम करावा. आपले दंड-बैठका त्यातच येतात. एवढे जमत नसेल तर थोडे तरी करावे. थोड्याचाही उपयोग होतो.

ज्याला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा विकार आहे, त्याने आधी डॉक्टरांना विचारावे. खेळताना छातीत दुखले, घेरी आली, किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर तिथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा. लाजू नये.

आपण काय करावे?

शहरातला मुलगा सुटीला येतो आणि पहाटे गावाबाहेरच्या रस्त्याने पळतो. लोक हसतात. "काय रे, कुत्रं मागं लागलंय का?" म्हणतात. सून चालायला निघाली तर आणखीच कुजबुज होते. मंडळी, हे आपण सोडले पाहिजे. तुम्ही-आम्ही हसलो की ती दुसऱ्या दिवशी घरातच बसते. तिचे काम बैठे आहे. चालणे हे तिला औषधासारखे आहे. सासूने तिच्याबरोबर निघावे. दोघींनाही बरे.

मुलाचा फोन आला म्हणजे आपण विचारतो, "जेवलास का? पगार झाला का?" त्यात आणखी एक प्रश्न घालावा, "या आठवड्यात किती वेळा खेळलास?" आणि तो रोज बारा तास खुर्चीत असेल, तर तेही मोकळेपणी विचारावे. खेळायला वेळच ठेवला नाही, तर कोणतीही रीत चालायची नाही.

गावातही आता बैठी कामे वाढली आहेत. दुकानदार गल्ल्यावर बसतो. ट्रॅक्टरवाला आणि जीपवाला बसून असतो. शिवणकाम करणारी ताई यंत्रावर बसते. मळ्यात पायी जाणारा माणूस आता मोटरसायकलवर जातो. तेव्हा या गोष्टी शहरातल्यांपुरत्या आहेत असे समजू नये.

छोट्या फेरीची रीत तुम्हाला नवीन नाही. तुम्ही अक्षरे शिकलात ती अशीच. पहिल्या रात्री सगळी बाराखडी कोणी शिकवली नाही. आधी दोन-चार अक्षरे गिरवली. चुकली ती पुन्हा गिरवली. मग शब्द आले, मग वाक्ये आली. आज तुम्ही हा एवढा मोठा धडा वाचून काढलात. याच रीतीने शहरातली मुले मोठाली सॉफ्टवेअर करतात, आणि याच रीतीने त्यांचे आखडलेले अंगही मोकळे होईल. हा धडा त्यांना फोनवर वाचून दाखवा. आपले आई-वडील वाचतात, याचा त्यांना आनंद होईल, आणि कदाचित उद्या सकाळी ती पळायलाही जातील.

विचार करा आणि वर्गात सांगा

१. सगळे वाफे एकदम फोडले तर काय होते? कचेरीतल्या कोणत्या रीतीत हीच गोष्ट सांगितली आहे?

२. लंडनच्या ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांची प्रकृती बरी का राहिली असेल?

३. तुमच्या घरात दिवसभर बसून काम कोण करते? पुढच्या आठवड्यात त्या माणसाला कोणता खेळ, किती वेळ, कितीदा जमेल, ते पाटीवर लिहा. आठवडा संपल्यावर जमले की नाही, तेही लिहा.